लांब नळी कुठली

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पंपदादा म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच, पंपाच्या पोटात द्रवाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. पंप उपकरणातली हवा ओढतो, तिच्याबरोबर आम्लही ओढलं जातं, म्हणून मधे जाड काचेची बाटली लावायची. बाटलीच्या बुचातून दोन काचनळ्या आत उतरतात. लांब नळीतून आम्ल येऊन तळाशी साचतं, आखूड नळी वरची नुसती हवा पंपाकडे नेते. उलटं जोडलं की बाटली भरता भरता पंपच आम्ल प्यायला लागतो. नव्या माणसांची दरवर्षी इथेच फजिती व्हायची आणि दादांना महिनाभर चिडवायला विषय मिळायचा.

पण गेली दोन वर्षं दादांना दिसत नव्हतं. म्हणजे माणसं दिसायची, दारं दिसायची, काचेतली काच मात्र दिसायची नाही. बुचाच्या वर दोन्ही नळ्यांची टोकं सारखीच, म्हणून त्यांनी आखूड नळीच्या टोकाला दोऱ्याची गाठ मारली होती. बोटाला गाठ लागली की पंपाकडची रबरी नळी तिथे जोडायची. नजर जात चाललीय हे डॉक्टरांनी सांगितलेलं ते कुणालाही बोलले नव्हते. ही नोकरी सुटली की लेक आपल्या घरी नेणार, खुर्चीत बसवणार आणि हातात चहा देणार. त्या खुर्चीची त्यांना मरणाची भीती वाटायची.

त्या सकाळी चिरलेलं बूच बदललं ते शास्त्रीणबाईंनी. म्हणजे चार वर्षं त्या पंपावर जीव टाकून संशोधन करणारी मुलगी. हे नाव दादांनीच पाडलेलं. बाटली धुऊन दादा जोडायला बसले, तर नव्या बुचातल्या कुठल्याच नळीला गाठ नाही. बूच काढून चाचपलं असतं तर कळलं असतं. पण विभागाच्या मॅडम समोरच उभ्या होत्या, आणि चाचपताना त्यांनी पाहायला नको होतं. दादांनी अंदाजाने जोडलं. अरे माणसा, सव्वीस वर्षांत एकदाही अंदाज केला नव्हतास ना.

दुपारी पंप घरघरला आणि बंद पडला. आम्ल आत जाऊन पंपातल्या तेलाचं दही झालं होतं. मॅडमनी विचारलं, "बुचाला हात कुणी लावला?"

"मी," शास्त्रीणबाई म्हणाली.

"उद्यापासून प्रयोगशाळेत येऊ नका."

मुलगी सामान आवरायला लागली तेव्हा दादा तिच्यामागे गेले.

"जोडलं मी होतं, बाई. तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"गाठ मारायची मी विसरले, दादा. तुम्हाला लागते हे माहीत होतं मला. वर्षभर तुमची सुटलेली गाठ मीच परत बांधत होते."

दादा तिथेच स्टुलावर बसले. रडावं की तिच्यावर ओरडावं हेही कळेना. मग ते मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडमना ते पटेना. "तिला वाचवायला खोटं बोलू नका, दादा. सव्वीस वर्षांत तुमची एक बाटली चुकलेली नाही. तुम्ही डोळे मिटूनसुद्धा जोडाल."

"मिटूनच जोडत होतो, मॅडम. ती बाटली आणा. लांब नळी कुठली ते हात न लावता सांगतो."

मॅडमनी बाटली आणून उजेडात धरली. दादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मान पुढे केली, मागे घेतली, डोळे बारीक केले. बोटं पाठीमागे आपसूक चाचपत होती.

"सांगा," मॅडम हळूच म्हणाल्या.

"उजवी," दादा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "नाही दिसत हो."

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. "तिला थांबायला सांगते," म्हणाल्या, "आणि तुमच्या लेकीचा नंबर द्या."

दादांनी तो तोंडपाठ सांगितला.