म्हशीनं मोडलेला रुसवा

बायकोचं लुगडं नेसून मी सासुरवाडीला गेलो, ही गोष्ट खरी आहे. मी कुंकू लावलं होतं, नाकात नथ होती, हे मात्र लोकांनी मागाहून घातलेलं. कुंकू आणि नथ नव्हती. बांगड्या होत्या.

राज्य निजामाचं होतं. येलदरीचं धरण अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, त्यामुळं श्रावणात पूर्णा नदी तिच्या मर्जीनं वाहायची. आमचं गाव अलीकडच्या काठाला, सासुरवाडी समोरच्या. मी उर्दू चौथी पास, म्हणजे माझ्या मते निम्मा तहसीलदार! लग्नात मी सासऱ्यांकडं खिशातलं घड्याळ मागितलं. त्यांनी म्हैस दिली. (माझ्या तोंडाकडं बघून त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.) मी तिथंच रुसलो. भरल्या मांडवात ओरडलो, "घड्याळ मिळेस्तोवर तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई!"

सासरे सुपारी कातरत म्हणाले, "जशी मर्जी, जावईबापू."

पुढं श्रावण आला. पंचमीला पारू, म्हणजे माझी बायको, भावासोबत माहेरी गेली. आणि तिथंच घोडं अडलं! त्यांच्या घरची रीत अशी, की जावई स्वतः न्यायला आल्याशिवाय लेक पाठवायची नाही. आणि माझी जिद्द अशी, की जायचं नाही. त्यात पूर आला, नाव बंद झाली. मला तर बरंच झालं. पारावर बसून सांगायला लागलो, "नाव बंद हाय म्हणून. न्हाईतर कवाच गेलो असतो!" खरं म्हणजे मला घास गोड लागत नव्हता. पण निम्म्या तहसीलदारानं बायकोची आठवण येते असं सांगायचं कुणाला?

आठवण येणारं घरात आणखी एक जण होतं. चांदी. आंदण आलेली म्हैस, कपाळावर पांढरा टिळा. तिचं रेडकू मेलेलं, त्यामुळं ती फक्त पारूच्या हाताला पान्हा सोडायची. पारू गेल्यापासून दूध कमी कमी होत गेलं, आणि त्या दिवशी सकाळी थेंबही नाही. कास दगडासारखी घट्ट. आमची माय घाबरली.

"आरं, कास सडंल तिची! जा की बायकोला आणायला!"

"नाव बंद हाय, माय."

"नाव चालू होती तवा कुटं गेलतास?"

मग मायनंच उपाय काढला. "पारूचं लुगडं नेस. जनावराला काय कळायलंय? पदर बगंल, पान्हा सोडंल."

उपाय आमच्याकडं जुनाच. मालकीण गावाला गेली, की बाप्यानं तिचं लुगडं गुंडाळून धार काढायची. म्हणून मी पारूचं न धुतलेलं हिरवं लुगडं नेसलो, डोक्यावर पदर घेतला. माय म्हणाली, "बांगड्या वाजल्या पायजेत." चार बांगड्या तेल लावून हातात कोंबल्या. त्या आत गेल्या, बाहेर यायचं नाव घेईनात! म्हैस हलू नये म्हणून तिचं दावं खुंट्यावरून सोडून मी स्वतःच्या मनगटाला तीन वेढे देऊन घेतलं. (ही अक्कल माझी. मायला दोष नाही.)

चांदीनं मान वळवली. लुगड्याला नाक लावलं. एक लांब श्वास घेतला, तो अजून माझ्या कानात आहे. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या मिशा होत्या. तिनं पुन्हा लुगडं हुंगलं. वास पारूचा, पण पारू नाही! तिनं असा हंबरडा फोडला, की गोठ्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि ती पारूला शोधायला निघाली. मी दाव्याला. मला विचारलं कुणी?

"माय! धर! आगं धर की!"

"कुणाला धरू? तुला का तिला?" माय ओरडत राहिली, आम्ही गावाबाहेर!

काठावर चिखल. माझे पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागले, पण त्या सहाशे शेर वजनाच्या बाईसाहेब आरामात चालत होत्या. मी बघितलं, प्रत्येक पावलाला तिचे खूर फाकायचे, चिखलावर पसरायचे. मला वाटलं, पुराचं पाणी बघून थांबेल. थांबली नाही. पाण्यात उतरलीही नाही! काठाकाठानं उलटी, वरच्या अंगाला चालायला लागली. सासुरवाडीचा घाट समोर, आणि ही बया उलट्या दिशेला! मला वाटलं, वाट चुकली. हसूसुद्धा आलं. चांगली दोन शेतं वर गेल्यावर तिनं नाक वर केलं, वारा घेतला, आणि धपकन पाण्यात!

मला पोहायला येत नव्हतं. मी शेपटी धरली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा मधोमध होतो. लाल पाणी, वाहून चाललेली झाडं, कुणाचं तरी छप्पर. आणि त्या सगळ्यात चांदी अशी चालली होती, जशी रोज तळ्यावर जाते! अंग सगळं पाण्याखाली, वर नुसती शिंगं आणि नाक. एक भलीमोठी बाभूळ अंगावर आली. चांदीनं डोकं पाण्याखाली घातलं, नाकपुड्या दाबून मिटल्या, फांदी डोक्यावरून जाऊ दिली आणि पलीकडं वर आली. मी त्या फांदीचे काटे मोजले, पाठीवर. धारेशी ती भांडत नव्हती. धार खाली ओढत होती तशी ओढू देत होती आणि तिरकी तिरकी सरकत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही वर का गेली होती! देवाशपथ सांगतो, त्या पाण्यात माझी भीती गेली. एवढं शहाणं, एवढं ताकदवान काही मी आजपर्यंत बघितलं नव्हतं, आणि मी त्याला 'फक्त म्हैस' म्हणून रुसलो होतो.

चांदी घाटाच्या पायरीला लागली. घाटाच्या जवळ नाही, पायरीला!

तिथले एक म्हातारे नावाडी उठून उभे राहिले. "तीस वरसं नाव चालवायलोय, पर अशा पुरात मला बी हिथं लावता आली नसती." त्यांनी चांदीला हात जोडले. मग मागं बघितलं. "आन ही बाई कोण म्हणायची?"

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांत पारू होती. "अगं माय! माझं लुगडं!" ती ओरडली. मग मिशा दिसल्या. "अवो! तुमी?"

चांदी सरळ तिच्याकडं गेली, तिच्या खांद्यावर मान ठेवली, आणि तिथंच पान्हा सुटला! पायरीवर दुधाच्या धारा. पारू रडत रडत धुण्याच्या बादलीत धार काढायला बसली.

तोवर सासरे आले. मला वरून खालपर्यंत बघितलं. माणूस हसला नाही, हे त्यांचे उपकार. "जावईबापू, न्यायला आलात न्हवं?"

माझी उर्दू चौथी उसळली. "मी कुटं आलोय? म्हशीनं आणलं."

पारू मान वर न करता म्हणाली, "मग मी म्हशीसंगं जाते."

सगळा घाट हसला. आणि माझा रुसवा, तो त्या पुरात कुठं वाहून गेला कोण जाणे. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पारू, मला बी करमत नव्हतं गं." बायकांनी तोंडाला पदर लावले. माझाही पदर होता. मीही लावला.

मला घाईघाईनं कोरडं धोतर मिळालं. चौथ्या दिवशी पूर ओसरला, नाव सुटली, पाठवणीची तयारी झाली. लेकीला न्यायला जो येतो त्याला पटका बांधून मान द्यायचा, ही तिथली रीत. सासरे जरीचा पटका घेऊन पुढं आले. मी अदबीनं मान झुकवली. ते माझ्या बाजूनं पुढं गेले आणि त्यांनी तो पटका चांदीच्या शिंगांना बांधला. मी आपली झुकवलेली मान तशीच ठेवली, ती गाव येईपर्यंत वर केली नाही.