वाटीभर किडे

मी परमनंट झालो तो बाजरीतल्या किड्यांमुळे, असं माझी आई गावभर सांगते. मी तिचं म्हणणं एकदाही खोडून काढलेलं नाही.

त्या वेळी मी रांजणगावच्या एका कंपनीत ट्रेनी होतो. ट्रेनी म्हणजे काम परमनंट माणसाचं आणि भीती गुन्हेगाराची! दोन वर्षं भरत आली होती. आमच्यातले काहीजण कायम होणार आणि बाकीच्यांना नारळ मिळणार, हे ठरलेलं होतं, आणि कुणाला काय मिळणार ते आमचे साहेब ठरवणार होते. कायम झाल्याची ऑर्डर नाही म्हणून माझं लग्नही अडलं होतं. दोन ठिकाणचे पाहुणे 'ऑर्डर हातात आली की कळवा' म्हणून उठून गेले होते. (चहा मात्र दोघांनीही दोनदा घेतला.)

अशात एका शुक्रवारी शिफ्ट सुटताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत जाऊन पाहतो, तर टेबलावर ऑर्डर नव्हती, पिंजरा होता. पिंजऱ्यात बदामी रंगाचा, जवळजवळ बिनशेपटीचा, नुकत्याच वळून ठेवलेल्या लाडवासारखा एक उंदीर!

"ही चेरी. हॅमस्टर आहे," साहेब म्हणाले. "आम्ही आजपासून दहा दिवस गावाला चाललोय. ही प्रेग्नंट आहे, प्रवास झेपायचा नाही. तुमचं घर शांत. सांभाळशील?"

"आनंदानं, साहेब!" मी म्हणालो. (त्यांनी वाघ दिला असता तरी हेच म्हणालो असतो.)

साहेबांनी दाण्यांची पिशवी दिली आणि वर एक प्लॅस्टिकचा डबा दिला. डब्यात गव्हाचा कोंडा होता आणि कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या.

"रोज चार द्यायच्या, आणि जिवंतच. बाळंतपणात हिची उपासमार झाली, तर ती स्वतःची पिल्लं खाते. आणि शेतातला किडा चुकूनही घालू नकोस. फवारलेला असतो, एका किड्यात खलास होईल. माझ्या मुलीनं सात पिल्लांची नावं आत्ताच ठरवून ठेवलीत, बरं का!"

म्हणजे सात पिल्लं आणि माझी नोकरी, अशा आठ जिवांची जबाबदारी मांडीवर घेऊन मी कंपनीच्या बसनं घरी आलो.

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभा जन्म उसातले उंदीर मारण्यात घालवला आहे. त्यांनी पिंजरा पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

"घावला व्हय? जा, हौदात बुडीव."

"आप्पा, सायबाचा हाय त्यो! जेवाय घालायचंय त्याला!"

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पन्नास वर्सं मी उंदराला औषध घालतोय," ते म्हणाले, "आन् तू जेवन घालनार. शिकून ह्येच केलंस व्हय?"

पण खरा धोका आप्पांपासून नव्हता. धोका होता आईपासून. धान्य राखण्याच्या बाबतीत माझी आई म्हणजे गावातलं शेवटचं कोर्ट. लग्नघरचा गहूसुद्धा तिनं मुठीत घेऊन हुंगल्याशिवाय गिरणीत जात नसे. "माज्या कोठीत किडा दावा आन् माजं नाव बदला," हे वाक्य ती वर्षातून चारदा तरी म्हणायची, आणि ते खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती. अशा बाईच्या स्वयंपाकघरात, फळीवर, मी अळ्यांचा डबा ठेवला आणि शनिवारी पहाटे फर्स्ट शिफ्टला निघून गेलो. माझ्या अकलेचा अंदाज तुम्हाला इथंच यायला हरकत नाही.

दुपारी परत आलो तर आई प्रसन्न.

"सुन्या, कुनाच्या घरचा कोंडा आनलास रं? निस्त्या अळ्याच की त्यात!"

फळी रिकामी होती. "आई, डबा कुठाय?"

"घासून पालथा घातलाय. कोंडा उन्हात टाकला, चाळला, पाखडला. अळ्या कोंबड्यांनी येचल्या, कोंडा म्हशीम्होरं टाकला. सायबाला म्हनावं, घरात जरा ध्यान द्या!"

अंगणात आमच्या पाच कोंबड्या परमनंट झाल्यासारख्या ऐटीत फिरत होत्या.

"अगं, ते त्या उंदराचं खानं व्हतं!"

"मग भाकर घाल. आमी न्हाई खात?"

चार दिवस चेरीनं दाणे आणि बाजरीची भाकरी यांवर काढले. ती पोटानं फुगत होती आणि मी चेहऱ्यानं सुकत होतो. तशा अळ्या पुण्यात कुठं मिळतात ते साहेबांना ठाऊक असणारच, पण ते विचारायचं तर आधीच्या कोंबड्यांनी खाल्ल्या हे सांगावं लागलं असतं!

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या धोंडाकाकूंनी हाक मारली. आळीत फोन फक्त त्यांच्याकडे होता. फोनवर साहेब!

"चेरी कशी आहे?"

"मजेत, साहेब!"

"अळ्या देतोयस ना?"

"रोज चार, साहेब." (मागं काकू शेंगा फोडत होत्या. फोडायच्या थांबल्या.)

"गुड. उद्यापर्यंत मोकळी होईल ती. आता रोज सहा दे. मुलगी काळजीनं जेवत नाहीये, रे."

रात्रभर मला सहाच्या रांगेनं अळ्या दिसत होत्या. गुरुवारी मी रजा टाकली, काचेची बरणी घेतली आणि मोहिमेची सुरुवात घरालगतच केली.

"काकू, तुमच्या गव्हात किडं हायेत का?"

आमच्याकडे एखाद्या बाईला तिच्या सासूबद्दल विचारलं तर चालतं. तिच्या नवऱ्याच्या दारूबद्दल विचारलं तरी एक वेळ चालतं. पण धान्यातल्या किड्यांबद्दल विचारणं म्हणजे तिच्या अब्रूला हात घालणं! हे मला काकूंचा चेहरा पाहिल्यावर आठवलं.

"काय म्हनलास?"

"चार असलं तरी भागंल, काकू."

"मुडद्या! माज्या गव्हात किडं? एरंडेल चोळून, लिंबाचा पाला घालून, पावडरीच्या पुड्या टाकून ठिवलाय गहू! जा आदी तुज्या आयशीच्या कोठीत बघ!"

मी हसलो. आईच्या कोठीत! काकूंचं आपलं काहीतरीच.

पुढचा मुक्काम रेशनचं दुकान. तिथं किडे असणारच, कारण सगळं गाव वर्षानुवर्षं तशी तक्रार करत आलं होतं. मी बरणी काउंटरवर ठेवली आणि किडे आहेत का म्हणून विचारलं. दुकानदार एकदम उभा राहिला. त्यानं माझ्यादेखत तीन पोत्यांत कोपरापर्यंत हात घातला.

"येक किडा दावा, दुकान तुमच्या नावावर करतो!"

"अहो, मला किडे पाहिजेच आहेत!" मी कळवळून म्हणालो.

"त्येच म्हंतोय मी. तुमाला किडं पाहिजेच हायेत. कुनी पाठीवलं तुमाला? तालुक्यावनं?"

त्यानं मला चहा पाजला, वर जाताना दोन किलो निवडलेली साखर देऊ केली, पण किडा काही दिला नाही. गिरणीवाल्यानं तर मला पाहताच शटर खाली ओढलं. बातमी माझ्यापुढं धावत होती.

दुपारी घरी येतो तर अंगणात धोंडाकाकू आणि चार बाया कमरेवर हात देऊन उभ्या.

"वैनी, तुमचा सुन्या घरोघर किडं मागत हिंडतोय! आमची घरं काय किडक्या धान्याची हायेत?"

आई ओट्यावर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत अंगार होता. "आनि माज्या घरचं कमी पडलं म्हून मागतोय व्हय त्यो? या, बघा माजी कोठी! येक किडा घावला तर नाव लावनार न्हाई!"

कोठी बघायला कुणीच पुढं झालं नाही. बाया खाली मान घालून गेल्या. आईनं लढाई जिंकली होती, आणि तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला.

"सुन्या! व्याली रं!"

मी धावलो. पिंजऱ्यात कापसावर गुलाबी, शेंगदाण्याएवढी पिल्लं वळवळत होती. आप्पा पिंजऱ्यापुढं मांडी घालून बसले होते, आणि ज्या माणसानं उंदरांच्या पिढ्या संपवल्या, त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"सात हायेत," ते कुजबुजले. "मी मोजल्यात."

चेरीनं एक पिल्लू हुंगलं, दुसरं हुंगलं. मग आमच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे अशी पाहत होती की, इतक्या दिवसांच्या भाकरीचा हिशेब तिनं मनात ठेवला आहे, याची मला खात्री पटली. तिनं पाठ फिरवली. पुन्हा वळली तेव्हा तिच्या तोंडात एक पिल्लू होतं.

"सा!" आप्पा ओरडले. "आत्ता सात व्हती, आता तोंडातलं धरून साच दिसत्यात! खाती रं ही! कर कायतरी!"

काय करणार होतो? माझ्या हातात रिकामी बरणी होती. डोळ्यांपुढून साहेब गेले, सात नावं ठेवणारी ती पोर गेली, दोनदा चहा घेणारे पाहुणे गेले. मला खरोखर रडू आलं. पंचविशीचा गडी उंदराच्या पिंजऱ्यापुढं मुसमुसून रडला, हे लिहायला आजही लाज वाटते.

"दार लाव," मागून आई म्हणाली.

मी दार लावलं. आई कोपऱ्यातल्या धाकट्या कोठीपाशी गेली, वरचं पोतं बाजूला केलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत जाळी धरलेल्या बाजरीचा गठ्ठा होता, आणि त्यातून पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या डोकी वर काढत होत्या. तिनं त्या वाटीत ओतल्या. वाटीभर!

"परसालची बाजरी हाय," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "हिला औषध न्हाई. दिवाळीपासनं ठावं हाय मला."

"मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस व्हय मला? गावाला इचारलंस!"

नुकतीच पाच बायांपुढं शपथ घेतलेली माझी आई, आणि तिची अब्रू वाटीत वळवळत होती. मी अळी चिमटीत धरून आत सोडली. चेरीनं तोंडातलं पिल्लू अलगद कापसात ठेवलं, अळी दोन्ही हातांत धरली आणि ओल्या शेंगेसारखी कुरतडली. मग दुसरी, तिसरी... सहावीला ती थांबली. सातवं पिल्लूही होतं तिथंच, इतरांत मिसळलेलं.

"खा माय, खा," आप्पा म्हणाले. "बाळंतीन हायेस."

"कुनाला सांगू नगंस," आई मला म्हणाली आणि पोतं पुन्हा कोठीवर ठेवलं.

साहेब परत आले, पिल्लं मोजली, सात भरली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी केबिनमध्ये बोलावून पाकीट हातात ठेवलं. ऑर्डर! डोळे पुसत वाचायला लागलो आणि वरच्या कोपऱ्यातली तारीख दिसली.

"साहेब, ही तारीख..."

"अरे हो, गावाला जायच्या आदल्या दिवशीच सही करून ठेवली होती. त्या शुक्रवारी तुला बोलावलं ते हीच द्यायला. पिंजऱ्याच्या गडबडीत राहूनच गेलं बघ!"

घरी आईला सगळी ऑर्डर वाचून दाखवली. तारीख तेवढी गाळली. तिनं पदरानं डोळे टिपले, म्हणाली, "बाजरीच्या किड्यांनी तारलं बाबा," आणि 'कुनाला सांगू नगंस' म्हणणाऱ्या माझ्या आईनं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला स्वतःच सांगून टाकलं!

महिन्याभरानं धोंडाकाकू वाटी घेऊन आल्या. त्यांचा भाचा दुसऱ्या एका कंपनीत ट्रेनी होता. "वैनी, वाटीभर किडं द्या की. त्याच्या सायबाकडं कुत्रं हाय, पर बघू घालून."

भाचा परमनंट झाला. तेव्हापासून आई त्या कोठीच्या तळाची बाजरी मुद्दाम साफ करत नाही. ऑर्डर मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली आहे, तारखेचा कोपरा आत दुमडून. ज्या गुरुवारी मी किडे मागत दारोदार हिंडलो, त्या गुरुवारी मला परमनंट होऊन आठवडा झाला होता, हे गावात फक्त त्या कोपऱ्याला आणि मला ठाऊक आहे.