राक्षसाचे दात

मला मामांना एकदा तरी घाबरवायचं होतं. मुरुडच्या बाजारात जन्मभर दात बघून बैल पारखलेला माणूस, भूत म्हटलं की हसायचा. लातूरला नॉर्वेच्या डोंगरातल्या राक्षसाचा सिनेमा हिंदीत लागला, तेव्हा त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

डोंगर फोडून शेपटीवाला राक्षस निघाला आणि पडदाभर जबडा वासून गरजला. मागं पोरी किंचाळल्या. मी खुर्ची घट्ट धरली. मामा पुढं वाकून त्या जबड्यात बघत होते.

"खालचे दात अजून दुधाचेच हायत," ते मोठ्यानं म्हणाले. "लेकरू हाय हे. ह्याची माय कुठं हाय?"

सगळे हसले. मी लाजेनं लाल. "मामा, गप बसा, हा बाजार न्हाई!"

सैन्यानं राक्षसाला साखळदंडानं बांधलं. मध्यंतरानंतर शेजारचा डोंगर हलला आणि तिप्पट उंचीची राक्षसीण हंबरत शहरावर चालून आली. सैन्यानं तोफा डागायला सुरुवात केली. आता कुणी हसत नव्हतं, सगळं थेटर मामांकडं बघत होतं.

"तोफा कशाला डागायलेत?" मामा वैतागले. "तिचं लेकरू सोडा की आधी!"

नॉर्वेच्या सैन्याला हे कळायला अजून पाऊण तास लागला.