चुना लावलेल्या काचा
ओल्या चुन्याचा वास आला की सोलापुरातल्या सासरच्या परसातलं काचेचं खोपटं आठवतं. मी मंद्रूपहून नवी नवरी होऊन आले होते आणि महिनाभर घरात कुणाशी बोलले नव्हते. मामंजी गिरणीत कामाला होते. उन्हाळ्याच्या झळांतही भाजी टिकावी म्हणून गिरणीच्या जुन्या खिडक्यांच्या काचा आणून त्यांनी ते उभारलं. मेथी उगवली आणि तिसऱ्या दिवशी करपली. ते वाफ्यापाशी बसून करपलेली रोपं उपटायला लागले. मला राहवलं नाही. पदर सावरत म्हटलं, “मामंजी, काचंला चुना लावा की. ऊन लई आत येतंय.” त्यांनी वर पाहिलं, “व्हय की,” एवढंच म्हणाले आणि बादलीत चुना कालवायला लागले. मग आतला उजेड दुधासारखा झाला. दुपारी मी त्यात बसून राही. गिरणीचा भोंगाही फार लांबून आल्यासारखा वाटे. पुन्हा पेरलेली मेथी वीतभर झाली. पहिली जुडी मामंजींनी चुलीकडे जाऊ दिली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ते स्वतः मंद्रूपला गेले आणि माझ्या आईच्या हातात देत म्हणाले, “तुमच्या लेकीनं पिकवलीया.” आईनं हे मला पुढे कितीदा तरी सांगितलं. आता दोघंही नाहीत; मीच ते वाक्य अधूनमधून हळूच म्हणून बघते.