दगडाचे वासे

आमचा बा सुतार. कर्जतच्या डोंगरपायथ्याला आमचं गाव, आणि तिथली निम्मी घरं त्यानंच उभी केलेली. पण त्याचा जीव गुंतलेला होता तो कोंडाण्याच्या लेण्यात. भात झोडून झालं की तो आम्हाला वर घेऊन जायचा आणि आमच्या माना अवघडेपर्यंत छत दाखवायचा. डोंगर कोरून केलेलं लेणं, पण छताला तुळया, वासे, खिडक्यांना जाळ्या, सगळं लाकडाचं असावं तसं. दगडाला वाशांची गरज नव्हतीच. बा म्हणायचा, कोरणाऱ्यांची घरं लाकडाची होती. साधूंसाठी घर करायचं म्हटल्यावर त्यांच्या हाताला तेच सुचलं. आय त्याची चेष्टा करायची. "आपल्यालाबी असेच वासे घाला. वाळवीची कटकट नाय."

मग प्लेग आला. सगळा गाव शिवारात झोपड्या घालून राहिला आणि तिथंच आयला ताप भरला. आजाऱ्याच्या घरावरची कौलं उतरवा, ऊन आत जाऊ द्या, असा वरून हुकूम होता. आमचं छप्पर बानं स्वतःच उतरवलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. हुकूम देणाऱ्यांचा मला अजून राग येतो. आयचा एकच हट्ट होता, मरायचं तर आपल्या छपराखाली. ते आता नाही, हे तिला सांगायची बाची छाती झाली नाही.

शेवटी बानं आणि काकानं तिला डोलीत घालून लेण्यात नेलं. मागून मी. एका शाबूत खांबाला तिला टेकवून बसवलं. तापलेल्या डोळ्यांनी तिनं वर पाहिलं.

"वासे नवे घातलेत?"

"हां," बा म्हणाला. "आता वाळवी लागनार नाय."

आमच्याकडे नवं घर उभं राहिलं की मधल्या खांबाला, म्हणजे मेढीला, घरधनीण कुंकू लावते. त्याशिवाय घर तिचं होत नाही. आयनं दगडी खांब चाचपला. मग कपाळावरचं कुंकू बोटावर घेऊन त्याला लावलं. संध्याकाळी ती गेली. आम्ही तिला फसवलं की सुखानं पाठवलं, मला अजून ठरवता येत नाही.

उघड्या घरात पावसाळा गेला आणि मेढ कुजली. बानं नवी उभी केली तेव्हा शेजारणींनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. घरात बाई म्हणून आता मीच होते. मी बोट बुडवलं, तसा बानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं. तिनं लावलंय."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आमची मेढ तशी कोरीच राहिली.