आतल्यांचा घास

दुपारी खानावळीत माझ्यासमोर एक वयस्कर गृहस्थ जेवायला बसले. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुतीची चार शितं ताटाबाहेर मांडली. मग एक हात पोटावर ठेवून गवारीच्या भाजीचा पहिला घास सावकाश खाल्ला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बाहेरची शितं देवाची. हा घास आतल्यांचा," ते म्हणाले. "माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भाजीतला चोथा आपल्याला पचत नाही, आतड्यातले जिवाणू त्यावर जगतात. ते खूश, तर आपली तब्येत खूश. तेव्हापासून आधी भाजी आणि उसळ, मग भात. गोळी चालूच आहे, पण साखर आता आटोक्यात असते."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. पथ्य म्हटलं की आपण तोंड वाकडं करतो, आणि या माणसाने त्याचा चक्क पाहुणचार करून टाकला होता. जन्मभर आपल्या पोटात राहणाऱ्या, कधीही न दिसणाऱ्या त्या जिवांची मी एकदा तरी विचारपूस केली होती का?

माझ्या खिशात कालच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट होता. त्यातही साखर वाढलेलीच. ताटातल्या पुऱ्या संपल्या होत्या, गवारीची वाटी मात्र मी नेहमीसारखी बाजूला सारली होती.

ती पुढे ओढली. चारचौघांत पोटावर हात ठेवायला संकोच वाटला, म्हणून मनातल्या मनात म्हटलं, "उशीर झाला खरा. पण या, बसा जेवायला."