बोगद्यापलीकडचे कीमनभाऊ

"तो तुमाले पाहून राह्यला, मास्तर."

जंगलात जनावर दिसलं की भाऊ असंच सांगत. 'ते बघा' म्हणून बोट दाखवणं त्यांना ठाऊक नव्हतं. मी मान वळवून शोधत राहायचो आणि पळसाच्या खोडाशी एखादं चितळ कान टवकारून माझ्याचकडे बघत असायचं.

दरेकस्याच्या डोंगरातल्या एका लहान स्टेशनावर मी स्टेशनमास्तर होतो आणि भाऊ कीमन. खांद्यावर हातोडा-पाना, बगलेत लाल-हिरव्या झेंड्या, आणि रोज ठरलेले रूळ पायी तपासायचे, हे त्यांचं काम. तुम्ही त्या मार्गानं गेला असाल तर खिडकीतून तुम्हालाही ते दिसले असतील. गाडी जाईपर्यंत बाजूला उभे, आणि गाडी गेली की खाली वाकलेले. तुमच्या डब्यातून पडलेल्या पुड्या, बाटल्या, पत्रावळी उचलून ते पाठीवरच्या युरियाच्या रिकाम्या पोत्यात टाकत.

"भाऊ, हे तुमच्या ड्यूटीत आहे का?" मी एकदा विचारलं.

"नाही जी."

"मग काऊन करता?" तोवर माझीही बोली बदलली होती.

"जनावरांले वास येते. खायले रुळावर येते. मंग गाडी येते."

सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच माझ्या क्वार्टरच्या दाराशी येत. "चाला," एवढंच म्हणत. कधी रेल्वेच्या बोगद्यापलीकडे नाल्याकाठानं, कधी कचारगडाच्या वाटेनं. सोबत भात आणि लाखोळीची डाळ. जेवण झालं की भाऊ खडकावर उताणे पडत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांना येत नसत, पण कोण घरट्याजवळ आहे आणि कोण नुसतंच भांडतं आहे, हे ते सांगत. त्यांच्यासारखा सुखात पडलेला माणूस मी फार कमी पाहिला.

मी खर्रा, तंबाखू-सुपारीचा घोटलेला मावा, खात असे. एका सुट्टीला मी त्याची प्लास्टिकची पन्नी झुडपात टाकली. भाऊंनी ती उचलली, घडी केली, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हलकेच थोपटलं. त्या दिवसापासून पन्न्या खिशातून घरी येऊ लागल्या, बायकोला सापडू लागल्या, आणि महिन्याभरात माझा खर्राच सुटला.

मोहफुलांच्या दिवसांतली गोष्ट. सकाळी एक मालगाडी माझ्या स्टेशनातून सुटली आणि थोड्या वेळानं बोगद्यापलीकडच्या वळणाआधी उभी राहिली. भाऊंनी लाल झेंडी दाखवली होती. नियंत्रण कक्षातून फोनवर फोन आले. गाडी का थांबली, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी भाऊ आले. सदरा घामानं भिजलेला.

"काय झालं होतं?"

"रुळावर अस्वल होती. कोनी गाडीतून रसगुल्ल्याचा डबा फेकला, तो चाटून राह्यली. संगं पिल्लू. हाकललं तं माह्याच अंगावर धावली. मंग गाडीकडे पळालो."

"अस्वलासाठी गाडी थांबवली म्हणून लिहू?"

"लेकुरवाळी होती, मास्तर. जे हाये ते लिहा."

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चौकशीत काय होईल या काळजीनं मी रुळाला तडा असल्याचा संशय, असं लिहायला निघालो होतो. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग मी खरं तेच लिहिलं.

आठवड्यानं एक अधिकारी आले. भाऊ इस्त्रीचे कपडे घालून उभे. साहेबांनी आधी चांगलंच सुनावलं, मग म्हणाले, "जागा दाखवा." आम्ही तिघं वळणापर्यंत चालत गेलो. झुडपांत, खडीवर, सगळीकडे पुड्या आणि उष्टं.

"हे किती दिवसांचं?" साहेबांनी विचारलं.

"कालचं हाये, साहेब. परवाचं मी उचललं."

परत आल्यावर साहेबांनी भाऊंना ताकीद दिली, आणि त्याच बैठकीत आठवड्यातून दोनदा रूळ-दुरुस्तीच्या टोळीनं त्या वळणाची सफाई करावी असा हुकूम लिहिला. भाऊंनी ताकीदपत्र घडी करून खिशात ठेवलं. चेहरा पगारवाढ मिळाल्यासारखा.

निवृत्त होऊन ते दवनीवाड्याकडे आपल्या गावी गेले. त्यानंतर बोगद्याकडे एकट्यानं फिरायला जावंसं मला फारसं वाटलं नाही. यंदा पावसाळ्यात त्यांना भेटायला गेलो. भाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. समोर बांधीत, भाताच्या खाचरात, सारसाच्या जोडीनं धानाचा एक तुकडा उपटलेला, आणि त्या उपटलेल्या धानाच्या ढिगावर सारस पक्षीण अंडी उबवत बसलेली. नर थोडा दूर, माणसाएवढा उंच, आमच्यावर नजर ठेवून.

"धानाचं नुकसान झालं," मी म्हणालो.

"आमाले पुरते," भाऊ हळूच म्हणाले. "बसा."

मी बसलो. भाऊंचं घर समोरच होतं, पण वहिनी चहा घेऊन सरळ आल्या नाहीत. पक्षीण उठू नये म्हणून सगळ्या बांध्यांना वळसा घालून, चिखल तुडवत, लांबच्या धुऱ्यानं आल्या. चहा पार निवला होता. आम्ही तिघांनी तो तिथंच धुऱ्यावर बसून प्यायला.